आयरीनबाई उभ्या राहिल्या म्हणून

आज मी तुम्हाला एका सामन्याची गोष्ट सांगणार आहे. सामना ऑस्ट्रेलियातला, खेळही तिकडचाच. पण या गोष्टीत सभासद आहेत, डोक्यावर कर्ज आहे आणि समितीनं परस्पर घेतलेला निर्णय आहे. त्यामुळे आपल्याला ती समजायला अवघड जाणार नाही.

आधी खेळ समजून घेऊ. त्याला तिकडे ‘फूटी’ म्हणतात. मैदान लंबगोल, चेंडूही लंबगोल. एका बाजूला अठरा खेळाडू. चेंडू हातात घेऊन पळता येतं, पण मधूनमधून तो जमिनीवर आपटावा लागतो. सोबतिणीला किंवा सोबत्याला द्यायचा तर फेकायचा नाही. लाथेनं मारायचा, नाहीतर मुठीनं ठोसा देऊन पुढं द्यायचा. दोन्ही टोकांना चार-चार खांब असतात. मधल्या दोन खांबांतून लाथेनं मारलेला चेंडू गेला की सहा गुण, बाजूच्या खांबांतून गेला तर एक.

आता तो सामना. तारीख 1 ऑक्टोबर 2016, हंगामाचा शेवटचा शनिवार. ठिकाण मेलबर्नचं मोठं मैदान. क्रिकेटमुळे तुमच्या घरातल्या पोरांनाही ते नाव माहीत असेल. प्रेक्षक 99,981. एका बाजूला सिडनीचा बलाढ्य संघ, दुसऱ्या बाजूला वेस्टर्न बुलडॉग्स. हा मेलबर्नच्या पश्चिम भागातला, कामगार वस्तीतला संघ. त्याचं जुनं नाव फुट्सक्रे. त्यानं अजिंक्यपद मिळवलं होतं ते एकदाच, 1954 साली.

त्या वर्षी साखळी सामने संपले तेव्हा अठरा संघांत बुलडॉग्स सातवे होते. सातव्या क्रमांकावरून याआधी कुणीच अजिंक्यपद मिळवलं नव्हतं. कप्तान बॉब मर्फी गुडघा दुखावल्यामुळे हंगामाच्या सुरुवातीलाच बाहेर बसला होता. तरी त्यांनी पर्थला जाऊन तिथल्या संघाला हरवलं. मग लागोपाठ तीन वर्षं जिंकलेल्या हॉथॉर्नला हरवलं. उपांत्य सामन्यात ते फक्त सहा गुणांनी तरले.

अंतिम सामना शेवटच्या सत्रापर्यंत कुणाचाही होता. मग डेल मॉरिसनं सिडनीच्या सगळ्यात नावाजलेल्या खेळाडूला पळता पळता धरून पाडलं आणि चेंडू सुटला. टॉम बॉईडनं तो उचलून खूप लांबून मारला. चेंडू टप्पे खात मधल्या खांबांतून गेला. 89 विरुद्ध 67. बासष्ट वर्षांनी वस्तीत चषक आला.

बक्षीस देताना प्रशिक्षक ल्यूक बेव्हरिज यांनी स्वतःला मिळालेलं पदक काढलं, जखमी मर्फीला मंचावर बोलावलं आणि त्याच्या गळ्यात घातलं. मैदानात नसलेल्या माणसाचाही वाटा असतो, हे लाख लोकांनी पाहिलं.

पण मैत्रिणींनो, असाच वाटा असलेली आणखी एक बाई होती. तिच्यासाठी आपल्याला सत्तावीस वर्षं मागं जावं लागेल.

1989 साल. क्लबवर कर्ज झालं होतं. ऑक्टोबरात बातमी आली की फुट्सक्रे आता फिट्झरॉय नावाच्या दुसऱ्या संघात विलीन होणार. बोलणी वरच्या वर झाली होती. वर्षानुवर्षं वर्गणी भरणाऱ्या सभासदांना कुणी विचारलं नव्हतं.

तेव्हा पीटर गॉर्डन नावाचे एक तरुण वकील पुढं आले. पण कोर्टात दावा लावायला सभासद हवा. उभ्या राहिल्या आयरीन चॅटफिल्ड, क्लबच्या एक साध्या चाहत्या. त्यांच्या नावानं दावा दाखल झाला आणि कोर्टानं विलीनीकरण थांबवलं. क्लबला पैसे उभे करायला सुमारे तीन आठवडे मिळाले. लागणार होते जवळपास पंधरा लाख डॉलर.

लोक डबे घेऊन रस्त्यावर उभे राहिले, घरोघर फिरले. मैदानावर हजारोंची सभा भरली. मोठ्या देणगीदारांबरोबर वस्तीतल्या माणसांनी खिशातली चिल्लर दिली. रक्कम उभी राहिली, क्लब वाचला. फिट्झरॉयचा संघ मात्र पुढं 1996 साली ब्रिस्बेनच्या संघात मिसळला.

आता नीट बघा. नुसते डबे फिरवून क्लब वाचला नसता, कारण तोवर विलीनीकरण होऊन गेलं असतं. आणि नुसत्या कोर्टानं कर्ज फिटलं नसतं. आयरीनबाईंनी वेळ मिळवून दिला, लोकांनी पैसा दिला. दोन्हीची गरज होती.

आपल्या गटांत पैशाची बाजू आपल्याला चांगली जमते. महिन्याची बचत आपण चुकवत नाही. पण विचारायची बाजू? ‘अध्यक्षताईंना माहीत असेल’ म्हणत आपण इतिवृत्ताच्या वहीत सही करतो, किंवा अंगठा देतो. कर्ज कुणाला दिलं, बँकेत शिल्लक किती, ग्रामसंघात काय ठराव झाला, हे विचारलं तर कुणाला राग येईल असं वाटतं. विचारणं म्हणजे अविश्वास नव्हे. चांगल्या अध्यक्षाला तर प्रश्नाचा आधारच होतो, कारण मग निर्णयाचं ओझं तिच्या एकटीवर राहत नाही.

म्हणून या महिन्याच्या बैठकीत तीन गोष्टी करा. सही करण्याआधी ठराव मोठ्यानं वाचून घ्या. लिहिता-वाचता न येणारी बाई असेल तर तिच्यासमोर तर नक्कीच. बँकेचं पासबुक सगळ्यांना दाखवायला सांगा. आणि आपल्या बचतीचं पुस्तक, पावत्या घरात जपून ठेवा. तुम्ही सभासद आहात याचा पुरावा तोच आहे.

आणि लगेच फळ दिसलं नाही तर नाराज होऊ नका. क्लब वाचला 1989 मध्ये, चषक आला 2016 मध्ये. मधल्या सत्तावीस वर्षांत किती तरी हंगाम हरण्यात गेले. पण हरायला आणि पुढं जिंकायला संघ शिल्लक होता, कारण एका सभासद बाईनं वेळेवर आपलं नाव पुढं केलं होतं.

पुढच्या आठवड्यात कर्जाच्या अर्जाविषयी बोलू. तोवर नमस्कार.