बाटली भारी, मग वाईनही भारी?

हेडफोन लावलेत ना? आजचा विषय आपल्याच जिल्ह्यातला आहे. वाईनबद्दल बोलणार आहे, पण न पिणाऱ्यांनीही थांबा, कारण खरा विषय वजनाचा आहे.

चांगल्या गोष्टीला आपण काय म्हणतो? भारी. पिक्चर भारी, मिसळ लय भारी. ज्याचा शब्द चार ठिकाणी चालतो तो वजनदार माणूस. आणि वाईट मालाला? हलका माल. म्हणजे वजन आणि दर्जा यांची गाठ आपल्या भाषेतच बसलेली आहे.

सोलापूरकरांकडे तर त्याचा पुरावाही आहे. चादर घ्यायला गेलं की घरातली मोठी माणसं घडी दोन्ही हातांवर घेऊन तोलून बघतात. त्यात चूक काहीच नाही, कारण चादरीचं वजन म्हणजे सूत आणि आपण पैसे सुताचेच देतो. मिठाईच्या दुकानात मात्र हाच हिशोब बिघडतो. जाड पुठ्ठ्याचा बॉक्स काजूकतलीबरोबर काट्यावर चढला, की पुठ्ठाही काजूकतलीच्याच भावानं घरी येतो. वजन तेच, पण चादरीत ते वस्तूचं असतं आणि मिठाईत वेष्टनाचं.

वाईनची बाटली या दुसऱ्या गटातली. नेहमीच्या बाटलीत ७५० मिली वाईन असते, म्हणजे वजनाला साधारण पाऊण किलो. काच मात्र कधी ४०० ग्रॅम, कधी ५५०, आणि काही 'प्रीमियम' बाटल्यांची काच ९०० ग्रॅमच्याही पुढे जाते. म्हणजे आतल्या मालापेक्षा डबा जड! आता शॅम्पेनसारख्या फेसाळ वाईनला जाड काच लागतेच. आत गाडीच्या टायरच्या दुपटीहून जास्त दाब असतो, पातळ बाटली फुटेल. पण साध्या रेड किंवा व्हाईट वाईनला? उजेडापासून वाचवायला काचेचा रंग कामाला येतो, जाडी नाही. जास्तीची काच चवीत थेंबभरही भर घालत नाही.

मग ती घालतात कशाला? कारण आपण हातानं चव घेतो. ऑक्सफर्ड विद्यापीठातले चार्ल्स स्पेन्स आणि त्यांच्या सहकारी बेटिना पिकेरास-फिझमन यांनी दुकानातल्या २७५ बाटल्यांचं वजन आणि किंमत ताडून पाहिली. त्यांचा पेपर २०१२ चा आहे. जड बाटल्या खरोखरच जास्त किमतीच्या निघाल्या. याच मंडळींनी त्याआधी एकच दही वेगवेगळ्या वजनाच्या वाट्यांतून लोकांच्या हातात दिलं होतं. जड वाटीतलं दही लोकांना जास्त घट्ट वाटलं आणि जास्त आवडलं. दही तेच, बरं का.

इथं 'लोक किती मूर्ख' असं म्हणून हसणारे बरेच भेटतात. मला ते पटत नाही. २७५ बाटल्यांमध्ये वजन आणि किंमत बरोबर चालत असेल, तर गिऱ्हाइकाच्या हातानं बाजारातला खराच पॅटर्न पकडलाय. गडबड पुढे होते. सॉफ्टवेअरवाल्यांना हे लगेच कळेल. मॅनेजरनं 'किती तिकिटं बंद केली' यावर रेटिंग द्यायला सुरुवात केली, की महिनाभरात एका कामाची पाच तिकिटं व्हायला लागतात. मोजपट्टी काय आहे हे समोरच्याला कळलं की तो कामाऐवजी मोजपट्टीच फुगवतो. वाईनमध्ये काच फुगते.

आणि याचा त्रास सगळ्यांना सारखा होत नाही. हे मला अकलूजमुळे कळलं.

माळशिरस तालुक्यात, अकलूजजवळ मोटेवाडीला फ्रातेली ही वायनरी आहे. फ्रातेली म्हणजे इटालियन भाषेत भाऊ. भावांच्या तीन जोड्यांनी मिळून ती उभी केली. इटलीचे सेच्ची, दिल्लीचे सेखरी आणि अकलूजचे मोहिते-पाटील. द्राक्षांची रोपं युरोपातून आणली, लागवड उसाच्या मुलखात केली, वाईन बनवायला तस्कनीचे पिएरो मासी आले. त्यांची 'सेत्ते' ही रेड वाईन देशातल्या नावाजलेल्या वाईनमध्ये गणली जाते. आता हेच मी पुण्यातल्या ऑफिसमध्ये सांगितलं तर उत्तर काय मिळालं? "सोलापूरची वाईन? तिकडं चादरी करतात ना?"

फ्रान्समधल्या बोर्दोच्या बाटलीवर गावाचं नाव असलं की काम झालं. चादरीवर 'सोलापूर' लिहिलं की काम झालं. वाईनवर 'सोलापूर' लिहून अजून तेवढं भागत नाही. नाशिकनं थोडंफार नाव कमावलंय, बाकीच्यांचं काय? ज्या भागाला नाव नाही, त्याला गिऱ्हाइकाचा विश्वास दुसऱ्या कशानं तरी विकत घ्यावा लागतो आणि जड काच हा त्यातला सोपा मार्ग. माझ्या मते हा नवख्यांवरचा करच आहे.

कर केवढा, ते बघू. बारा बाटल्यांच्या पेटीत नऊ किलो वाईन. ५०० ग्रॅमची बाटली घेतली तर काच सहा किलो, पेटी पंधरा किलोची. ९०० ग्रॅमची घेतली तर काच १०.८ किलो, पेटी १९.८ किलोची. पुठ्ठा सोडून देऊ. नऊ टन माल नेणारा ट्रक पहिल्या हिशोबात ६०० पेट्या नेतो, दुसऱ्यात ४५४. डिझेल तेच, ड्रायव्हर तोच, आणि जवळजवळ दीडशे पेट्या गोदामातच. शिवाय काच वितळवायला भट्टी दीड हजार अंशांच्या आसपास तापवावी लागते, ते वेगळंच. हे पैसे द्राक्षाला जात नाहीत, शेतकऱ्याला जात नाहीत. पण बिलात असतात.

बाहेर वारं थोडं फिरतंय. शॅम्पेनवाल्यांनी २०१० मध्ये आपली नेहमीची बाटली ९०० वरून ८३५ ग्रॅमवर आणली. ब्रिटिश समीक्षक जॅन्सिस रॉबिन्सन जड बाटल्यांवर उघड टीका करतात. २०२३ मध्ये काही मोठ्या विक्रेत्यांनी एकत्र येऊन करार केला, की साध्या वाईनच्या बाटलीचं सरासरी वजन ५५० वरून २०२६ संपेपर्यंत ४२० ग्रॅमच्या खाली आणायचं. हे त्यांना परवडतं, कारण नाव त्यांच्याकडे आधीच आहे.

मला उत्सुकता आहे ती दुसऱ्याच गोष्टीची. फ्रातेलीनं 'टिल्ट' नावानं कॅनमध्येही वाईन आणलीय. ॲल्युमिनियमच्या कॅनचं वजन साधारण पंधरा ग्रॅम. हाताला काही लागतच नाही. माझा एक मित्र कॅन उचलून म्हणाला, "ही काय, कोल्ड्रिंक वाटतंय." प्यायची होती अजून.

तर एक काम करा. घरात वाईन, सरबत, मध, परफ्यूम, कशाचीही काचेची बाटली रिकामी झाली की किचनच्या वजनकाट्यावर ठेवा. लेबलवरचं निव्वळ वजन, काचेचं वजन आणि किंमत, असे तीन आकडे मला पाठवा. पुरेसे आले की शीट बनवून पुढच्या एपिसोडला उघडतो. आणि हो, झाकण काढून वजन करा, नाहीतर डेटा बिघडतो.