आधीं विचारावें, मग सांगावें

(ज्युबिली महोत्सवाच्या प्रसंगीं पालक व शिक्षक यांच्या सभेंत केलेलें भाषण)



या मंगल प्रसंगीं आपल्या धर्मग्रामाच्या गेल्या वर्षांचा वृत्तांत इतर वक्ते सांगणारच आहेत. आम्हीं आज निराळा विषय हातीं घेतला आहे. आपलीं मुलें विज्ञान कशीं शिकतात, आणि तें त्यांना कसें शिकवावें, हा तो विषय होय. धर्मगुरूनें या विषयावर कां बोलावें, असें कोणास वाटेल. त्यास आमचें उत्तर इतकेंच कीं, ज्या मुलांना रविवारीं आम्ही धर्मशिक्षण देतों, तींच मुलें सोमवारीं विज्ञानाच्या तासाला बसतात. रविवारचें सत्य एक व सोमवारचें दुसरें, असें ख्रिस्तसभेनें कधीं मानिलें नाहीं.

प्रथम आपल्या शेताकडे पाहूं. आपला भंडारा जिल्हा वैनगंगेचा, तलावांचा आणि धानाचा. पावसाळ्यांत बांधींत पऱ्ह्यांची रोवणी होते, आणि दिवाळीच्या सुमारास तेथेंच कापणी होऊन धानाचीं पोतीं व तणसाचे ढीग घरीं येतात. आतां आपल्या मुलास विचारून पाहा, ‘‘हें एवढें वजन आलें कोठून?’’ बहुतेक मुलें म्हणतील, मातींतून. कोणी खताचें नांव घेईल, कोणी पाण्याचें. हवेचें नांव क्वचितच कोणी घेईल. तरी तेंच मूल परीक्षेंत, वनस्पति सूर्यप्रकाशाच्या साह्यानें हवेंतील कार्बन डायऑक्साइड व पाणी यांपासून आपलें अन्न तयार करितात, हें वाक्य बिनचूक लिहितें आणि पूर्ण गुण मिळवितें. वाक्य वहींत राहिलें, मूळची समजूत मनांत राहिली. दोहोंची गांठ पडलीच नाहीं.

हें मुलाच्या मंदबुद्धीचें लक्षण नव्हे. व्हान हेल्मोंट या फ्लेमिश वैद्यानें २०० पौंड कोरडी माती एका कुंडींत भरून तींत पांच पौंडांचें वाळुंजाचें रोप लाविलें, आणि पांच वर्षें त्यास केवळ पाणी घातलें. झाडाचें वजन १६९ पौंडांवर गेलें. माती मात्र दोन औंसच कमी भरली. वृक्ष मातींतून घडत नाहीं, हें त्यानें अचूक ओळखलें. परंतु सर्व वजन पाण्याचेंच, असा निष्कर्ष काढला. हा वृत्तांत त्याच्या मरणानंतर १६४८ सालीं प्रसिद्ध झाला. ‘गॅस’ हा शब्द ज्यानें जगास दिला, त्यालाच हवेचा हा वांटा दिसला नाहीं. एवढ्या मोठ्या पुरुषास जें सांपडलें नाहीं, तें आपल्या मुलास पुस्तकांतील एका ओळीनें कसें पटावें?

दुसरें उदाहरण घरांतलेंच घ्या. भंडाऱ्याच्या पितळी भांड्यांची ख्याति सर्वांस ठाऊक आहे. पौषांतल्या पहाटे पितळी तांब्यास हात लाविला तर तो लाकडी पाटापेक्षां थंड लागतो. मूल म्हणतें, ‘‘धातु जात्याच थंड असतो.’’ वस्तुतः रात्रभर एकाच खोलींत राहिलेल्या त्या दोन्ही वस्तूंचें तापमान सारखेंच असतें. पितळ हाताची ऊब झपाट्यानें ओढून घेतें, लाकूड सावकाश घेतें, एवढाच भेद. परंतु हें केवळ सांगून भागत नाहीं, कारण मुलाचा हात त्यास उलट साक्ष देत असतो. दोहोंस तापमापक लावून त्याचें त्यानेंच पाहिलें पाहिजे.

अशा समजुतींचा अभ्यास गेल्या अर्धशतकांत अनेक देशांच्या विद्वानांनीं केला आहे. अमेरिकेंतील मानसशास्त्रज्ञ डेव्हिड ऑसुबेल यांनीं १९६८ सालीं असें प्रतिपादन केलें कीं, विद्यार्थ्यास आधींच काय ठाऊक आहे, ही शिक्षणांतील सर्वांत महत्त्वाची बाब होय. ती शोधून काढावी आणि मग शिकवावें. इंग्लंडमध्यें लीड्स येथील रोझलिंड ड्रायव्हर यांनीं आपल्या सहकाऱ्यांसह प्रकाश, उष्णता, बल इत्यादींविषयींच्या मुलांच्या कल्पना गोळा केल्या व १९८५ सालीं त्या ग्रंथरूपानें प्रसिद्ध केल्या. निरनिराळ्या देशांतील मुलांच्या कल्पनांत विलक्षण साम्य आढळलें. मूल कोरी पाटी घेऊन शाळेंत येत नाहीं. जगाविषयींचें एक लहानसें शास्त्र त्यानें स्वतःच रचलेलें असतें, आणि न विचारतां शिकविलें तर तें शास्त्र आहे तसेंच राहतें.

आपल्या महाराष्ट्रांतही हें कार्य झालें आहे. मुंबईस १९७४ सालीं टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या आश्रयानें होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्र निघालें. व्ही. जी. कुलकर्णी हे त्याचे आद्य संचालक. प्रारंभींच्या काळांतच केंद्रानें जळगांव जिल्ह्यांतील खिरोदा परिसराच्या ग्रामीण शाळांत काम केलें. पुढें केंद्रांतील संशोधकांनीं आणखी एक गोष्ट दाखवून दिली. पुष्कळ मुलांस विज्ञानापेक्षां विज्ञानाच्या पुस्तकाची भाषाच अधिक आड येते. आशय तोच ठेवून भाषा सोपी केली, तेव्हां मुलांची समज वाढली आणि तीं वर्गांत बोलूं लागलीं.

मायबापहो, या ठिकाणीं आम्ही आपणांस थोडें थांबवितों. आपल्या पुष्कळ घरांत झाडीबोली बोलली जाते. त्या मुलास पुस्तकी मराठी ही पहिली पायरी असते, आणि इंग्रजी ही त्याहून उंच दुसरी. इंग्रजी शिकूं नये, असें आमचें म्हणणें नाहीं. पोटापाण्याच्या चिंतेनें आपण मुलांस तिकडे पाठवितां, हें आम्ही जाणतों. परंतु शाळेची भाषा कोणतीही असो, मुलाचा विचार घरच्या भाषेंत चालतो. २०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणानेंही, शक्य तेथें निदान पांचवीपर्यंत घरची भाषा हेंच माध्यम असावें, असें म्हटलें आहे. तेव्हां मूल आपल्या बोलींत ‘‘असें कां?’’ म्हणून विचारील, तेव्हां ‘‘आधीं नीट बोल’’ असें म्हणून त्याचें तोंड बंद करूं नये.

शिक्षक म्हणतील, वर्ग मोठा, अभ्यासक्रम लांब आणि परीक्षा समोर. प्रत्येकास विचारीत कोण बसणार? ही अडचण खरी आहे. तरी शेजारच्या मध्यप्रदेशांत, होशंगाबाद म्हणजे आजच्या नर्मदापुरम जिल्ह्यांत, साध्या सरकारी शाळांत हें करून पाहण्यांत आलें. १९७२ सालीं किशोर भारती आणि रसूलियाचें फ्रेंड्स रूरल सेंटर यांनीं १६ शाळांत प्रारंभ केला. १९७८ सालीं तें कार्य जिल्ह्याच्या सर्व मिडल शाळांत पसरलें. १९८२ सालीं निघालेल्या एकलव्य संस्थेनें तें पुढें चालविलें. मुलें टोळ्या करून स्वतः प्रयोग करीत, परीक्षेस पुस्तक सोबत नेत, आणि मनांत येईल तो प्रश्न ‘सवालीराम’ या नांवें पत्र लिहून विचारीत. २००२ सालीं शासनानें तो उपक्रम बंद केला. परंतु तीस वर्षें तो खेड्यापाड्यांत चालला, ही गोष्ट कोणासही पुसून टाकतां येत नाहीं.

सेमिनरींत आम्हांस जें शिकविलें गेलें, त्याशीं हें सारें किती जुळतें! संत ऑगस्टीन यांनीं आपल्या पुत्राशीं केलेल्या संवादाच्या रूपानें ‘शिक्षक’ हा ग्रंथ लिहिला. नुसत्या शब्दांनीं कोणी शिकत नाहीं, सत्य अंतरांत उजळावें लागतें, हें त्याचें सार होय. तेराव्या शतकांत संत थॉमस अक्वायनस यांनीं शिक्षकास वैद्याची उपमा दिली. देह बरा होतो तो आपल्या प्रकृतीच्या बळावर, वैद्य तिला साह्य करितो. तसेंच मुलाची बुद्धि देवानेंच दिलेली आहे, शिक्षक तिला साह्य करितो. आणि रोग्यास न विचारतां औषध देणाऱ्या वैद्यास आपण काय म्हणतों? खुद्द पुनरुत्थित प्रभूनें अम्माऊसच्या वाटेवर दोघां शिष्यांना आधीं प्रश्न विचारिला, त्यांची अर्धवट समजूत व त्यांचें दुःख शेवटपर्यंत ऐकून घेतलें, आणि त्यानंतरच शास्त्रलेखांचा अर्थ उलगडला.

मात्र गैरसमज नसावा. मुलाचें प्रत्येक उत्तर खरें मानावें, असा याचा अर्थ नव्हे. हवेंतून धान घडतें, हें मूल आपण होऊन कधींच शोधणार नाहीं. तें शिक्षकानेंच सांगावयाचें आहे. विचारणें, पडताळणें आणि सांगणें, असा हा क्रम आहे. यांतील पहिल्या दोन गोष्टी टाळल्या, तर तिसरी फुकट जाते.

हा प्रश्न केवळ गुणांचा नव्हे. तलावांत मासळी केव्हां कोठें असते, बांधींत पाणी किती ठेवावें, हें आपलीं मुलें लहानपणींच जाणतात. हें ज्ञान शाळेंत कोणी विचारिलें नाहीं, तर विज्ञान ही परक्यांची वस्तु आहे असें तीं समजतात, आणि दहावीनंतर तिच्याकडे पाठ फिरवितात. अशीं हुशार मुलें आम्हीं पाहिलीं आहेत. देवानें दिलेल्या बुद्धीचा हा अपव्यय आहे, आणि त्याचा जाब आपणां सर्वांस द्यावा लागेल.

म्हणून या ज्युबिली वर्षीं आमची विनंति अगदीं लहान आहे. शिक्षकांनीं नवा धडा काढण्यापूर्वीं पांच मिनिटें मुलांचीं उत्तरें फळ्यावर लिहावीं, चुकलेलींसुद्धां, आणि कोणास हंसूं देऊं नये. आईबापांनीं जेवतांना एखादा प्रश्न मुलाबरोबर चघळावा. उत्तर येत नसेल तर ‘‘उद्यां मिळून पाहूं’’ म्हणावें. आणि रविवारच्या धर्मशिक्षणाच्या वर्गांतही हाच क्रम आम्ही ठेवणार आहों.

मार्काच्या शुभवर्तमानांतील शेतकरी बीं पेरतो, निजतो, उठतो, आणि तें कसें वाढतें हें त्यास कळत नाहीं. आज आपणांस त्यांतलें पुष्कळ कळूं लागलें आहे. वेदीवरील गव्हाची भाकर असो वा आपल्या ताटांतील भात असो, त्याचा बहुतेक भाग हवा व पाणी यांपासून सूर्याच्या तेजानें घडला आहे, हें समजलेल्या मुलाचे हात प्रार्थनेस अधिकच आदरानें जुळतील, असा आमचा विश्वास आहे. परमेश्वर आपल्या मुलांस, त्यांच्या शिक्षकांस आणि आपल्या सर्व घरांस आशीर्वाद देवो.