हळदीचा भाव आणि हरिपूरची पेवे



आपल्या नावड्याहून न्हावा-शेवा बंदर फार दूर नाही. तेथून हळद परदेशी जाते. पण भावाचे मर्म कळायला सांगलीजवळच्या हरिपूरला गेले पाहिजे. तेथे जमिनीत खोल पेवे खोदून हळद ठेवीत. तोंड लिंपले की आत हवा नाही, म्हणून कीड नाही. (पेव उघडताच आत कोणी उतरत नसे, कोंडलेली हवा जीव घेई!) ज्याचा माल पेवात, त्याला भावाची वाट पाहता येई. २००५च्या महापुरात पेवांत पाणी शिरले, अपार नुकसान झाले. २०१८ साली सांगलीच्या हळदीला भौगोलिक मानांकन मिळाले, हे उत्तमच. परंतु हळद शिजवून-वाळवून हातात येताच कर्जापायी विकावी लागते, त्या शेतकऱ्याला मानांकनाचा काय लाभ? गोदामाच्या पावतीवर कर्ज मिळते. ती सोय गावापर्यंत आधी न्या.