जुन्या मोटारीचा सौदा आणि विक्रीनंतरचा शब्द

(ज्ञातिमंडळाच्या वार्षिक संमेलनात दिलेले व्याख्यान)



संमेलनाच्या व्यासपीठावरून शिक्षण, वधूवरसंशोधन, वसतिगृहाचा निधी अशा विषयांवर बोलण्याचा प्रघात आहे. यंदा चालकांनी आम्हांस ‘धंदा आणि नीती’ हा विषय दिला. विषय अफाट आहे व त्याचा सर्व पसारा मांडण्याचा आमचा अधिकार नाही. म्हणून आम्ही त्यातील एकच प्रश्न निवडला आहे. जुनी मोटार विकल्यानंतर गिऱ्हाईक तक्रार घेऊन दारी आले, तर त्याच्याशी कसे वागावे? बारामती व इंदापूर या दोन तालुक्यांत आपल्या ज्ञातीचे अनेक तरुण गॅरेज चालवितात आणि त्याच जोडीला जुन्या गाड्यांची घेवदेव करतात. म्हणून हा प्रश्न आपल्या घरचाच आहे.

आपला समाज मूळचा सुतारकी-लोहारकीचा. आपले आजे-पणजे बैलगाडीचे आरे बसवीत, आख घडवीत आणि चाकावर लोखंडी धाव चढवीत. नव्या गाडीचे मोल वेगळे ठरे. पण पुढची डागडुजी बलुत्यात येई. धाव निसटली की कुणबी ती गाडी घेऊन आपल्याच ओट्यापुढे उभा राही. ‘गाडी दिली, आता आमचा संबंध संपला,’ असे म्हणण्याची सोय त्या कारागिरास नव्हती. कारण सुगीत त्याच कुणब्याच्या खळ्यावर त्यास धान्य मागावयास जावयाचे असे. विकलेल्या वस्तूची जबाबदारी ही आपल्या पूर्वजांस कोणी पुस्तकातून शिकविली नव्हती. गावाच्या रचनेतच ती होती.

पुढे काळ पालटला. नीरा डाव्या कालव्याच्या पाण्याने या भागात ऊस आला, उसामागून साखर कारखाने आले आणि कारखान्यांमागून मोटारी आल्या. इंदापूर तालुक्यातील वालचंदनगर ज्यांच्या नावाने वसले, त्या वालचंद हिराचंद यांनीच १९४४ साली प्रीमियर ऑटोमोबाइल्स ही कंपनी स्थापन केली, हे आपल्या मुलांस ठाऊक असावे. आज बारामतीच्या औद्योगिक वसाहतीत पियाज्जो कंपनीच्या तीनचाकी गाड्या तयार होतात आणि बारामतीच्या परिवहन कार्यालयाचा एम. एच. ४२ हा क्रमांक गावोगाव दिसतो. उसाचे बिल हाती आले की शेतकरी गाडी पाहू लागतो. नवी परवडत नाही, तेव्हा तो जुनी घेतो. जुनी घेणारा हा बहुधा थोड्या पैशाचा धनी असतो. त्यातून मुलीच्या लग्नाचे किंवा आजारपणाचे पैसे बाजूस काढून त्याने विसार दिलेला असतो. त्याची फसगत झाली तर तो पुन्हा उभा राहण्यास दोन हंगाम जातात. या प्रश्नाचे गांभीर्य एवढ्यावरून ध्यानी यावे.

हा प्रश्न मोटारीबरोबर जन्मास आला, असेही नाही. याज्ञवल्क्यस्मृतीत खरेदी केलेल्या वस्तूची परीक्षा किती दिवसांत करावी, याच्या मुदती दिलेल्या आहेत. बियाण्यास दहा दिवस, लोखंडास एक दिवस, दुभत्या जनावरास तीन दिवस, रत्नास सात दिवस, आणि ओझे वाहणाऱ्या जनावरास पाच दिवस. लोखंडाचा दोष एका दिवसात कळतो. बैल मात्र जुंपून, ओढवून, चार वाटा चालवून पाहावा लागतो, हा त्यातील व्यवहार आहे. मोटार हे आजचे ओझ्याचे जनावर होय. तिचीही परीक्षा गॅरेजपुढच्या एका फेरीत होत नाही.

बैलबाजाराची रीत आपणांपैकी वडीलधाऱ्यांनी पाहिली आहे. पंढरीच्या कार्तिकी बाजारात खिलार बैल घेताना दाम रुमालाखाली बोटे दाबून ठरे. परंतु बैलाचे दात मात्र उघड्यावर, चारचौघांत पाहिले जात. बैल आदत की जुळलेला, हे कोणी रुमालाखाली झाकीत नसे. आमच्या मते सर्व सार यात आहे. किंमत गुप्त राहिली तरी चालेल, वय व खोड गुप्त राहता कामा नये. मोटारीचे किलोमीटरचे मीटर हेच तिचे दात. जो ते मागे फिरवितो, तो म्हाताऱ्या बैलाचे दात घासून त्यास तरुण म्हणून विकतो.

आता कायदा काय म्हणतो ते थोडक्यात पाहू. १८७२ च्या भारतीय करार कायद्याच्या सतराव्या कलमात कपट म्हणजे काय ते सांगताना घोड्याच्या विक्रीची उदाहरणे दिली आहेत. घोडा सदोष आहे हे ठाऊक असून विकणारा लिलावात नुसता गप्प बसला, तर तेवढ्याने ते कपट होत नाही. परंतु घेणारी व्यक्ती ही विकणाऱ्याचीच नुकती सज्ञान झालेली कन्या असेल, तर त्या नात्यामुळेच दोष सांगणे हे बापाचे कर्तव्य ठरते. आणि घेणाऱ्याने ‘तुम्ही नाही म्हटले नाही, तर घोडा निर्दोष आहे असे मी धरून चालतो,’ असे बोलून दाखविले असता विकणारा मुकाट राहिला, तर त्याचे मौन हेच बोलणे ठरते. बंधूंनो, दीडशे वर्षांपूर्वीच्या या उदाहरणांत ज्ञातिबंधूंच्या व्यवहाराचे मर्म आले आहे. अनोळखी माणूस आपल्या गाडीची कसून पाहणी करतो. नात्यातला माणूस आपल्या तोंडाकडे पाहतो. जेथे गिऱ्हाईक विश्वासावर येते, तेथे गप्प बसण्याची सवलत उरत नाही.

याशिवाय १९३० चा मालविक्री कायदा आहे आणि ग्राहक संरक्षणाचा कायदा आहे. ग्राहक चळवळीचा पाया आपल्या पुण्यातच बिंदुमाधव जोशी यांनी ग्राहक पंचायतीच्या रूपाने १९७४ साली घातला. १९८६ साली ग्राहक संरक्षण कायदा झाला व त्याच्या जागी २०१९ चा नवा कायदा २० जुलै २०२० पासून अमलात आला. त्यान्वये धंदा म्हणून गाडी विकणाऱ्याविरुद्ध ग्राहकास दोन वर्षांच्या आत जिल्हा आयोगाकडे दाद मागता येते, आणि पाच लाख रुपयांपर्यंतच्या व्यवहारास तक्रारीची फीही पडत नाही. ‘गाडी आहे त्या स्थितीत दिली’ असे विसारपावतीवर लिहिले म्हणजे आपण मोकळे झालो, असा पुष्कळांचा समज आहे. जे दोष पाहणाऱ्यास दिसण्याजोगे होते, त्यांपुरता त्या शब्दांचा आधार मिळेल; जाणूनबुजून झाकलेल्या दोषास त्यांचा आश्रय नाही.

तथापि पुष्कळ तक्रारी इंजिनाच्या नसून कागदांच्या असतात, हेही सांगितले पाहिजे. बँकेचा बोजा उतरविलेला नसतो, जुन्या मालकाच्या नावावर ई-चलने थकलेली असतात, विमा संपलेला असतो, आणि टी. टी. फॉर्मवर सह्या होऊनही ते कोणाच्या तरी खणात पडून राहतात. मोटार वाहन कायदा, १९८८, यानुसार विकणाऱ्याने चौदा दिवसांत व घेणाऱ्याने तीस दिवसांत परिवहन कार्यालयास हस्तांतर कळवावयाचे असते. सर्वोच्च न्यायालयाने २०१८ साली स्पष्ट सांगितले की, गाडी किती हातांतून गेली तरी नोंदणीपुस्तकात ज्याचे नाव राहिले, अपघाताच्या भरपाईसाठी मालक तोच. १ एप्रिल २०२३ पासून तर जुन्या गाड्यांचा धंदा करणाऱ्याने परिवहन खात्याकडून अधिकारपत्र घ्यावे, असा नियमच लागू झाला आहे. ज्यांनी ते घेतले नसेल, त्यांनी ते घ्यावे.

आता एक हकीकत सांगतो. नावे गावे सांगत नाही. सांगण्याची गरजही नाही. आपल्याच ज्ञातीतील एका तरुणाने इंदापूर तालुक्यातील एका वडीलधाऱ्या शेतकऱ्यास जुनी मोटार विकली. त्यांच्या घरच्या माणसास उपचारासाठी दर आठवड्यास पुण्यास न्यावे लागे, त्यासाठी ती घेतलेली. तिसऱ्या आठवड्यात भिगवणनजीक गिअरबॉक्स गेला. दुखणाईत माणूस भर उन्हात रस्त्याकडेला तीन तास बसून राहिला. शेतकरी तक्रार घेऊन गेले, तेव्हा तरुण म्हणाला, “तात्या, गाडी तुम्ही बघूनच नेली होती. आता तीन आठवड्यांनी मी काय करणार?” तात्या म्हणाले, “अरे बाळा, गिअरबॉक्समधलं मला काय कळतंय? मी तुझ्या बापाला ओळखतो म्हणून गाडी नेली.”

बोलणे तेथेच तुटले. दोन्ही घरांत त्या सुमारास सोयरिकीची बोलणी चालू होती, तीही थांबली. चार मंडळींनी मध्यस्थीसाठी आम्हांस बसविले. आम्हांस यंत्रातील काही कळत नाही. म्हणून आम्ही एवढेच सुचविले की, दोघांच्याही ओळखीचा नसलेला तिसरा मिस्त्री बोलवावा व त्याने दोघांसमक्ष गिअरबॉक्स उघडावा. आत जुने वेल्डिंग निघाले. तरुणास ते खरोखरच ठाऊक नव्हते; त्याने गाडी पुण्याहून घाऊक घेतली होती. पण त्याच्याच गॅरेजातील कारागिरास आवाजावरून संशय आला होता आणि मालक रागावेल म्हणून तो बोलला नव्हता. हे उघड झाले तेव्हा तरुण बराच वेळ खाली मान घालून बसला. मग त्याने दुरुस्तीचा सगळा खर्च पत्करला व काम होईपर्यंत तात्यांस स्वतःची गाडी वापरावयास दिली. तात्या आज त्याच्याच गॅरेजात गाडी नेतात. सोयरिक मात्र पुन्हा जुळली नाही. पहिल्याच दिवशी त्याने ‘तात्या, गाडी आणा, बघतो,’ असे म्हटले असते, तर खर्च तेवढाच आला असता आणि ते घर राहिले असते.

या व अशा अनुभवांवरून आम्ही आपल्या तरुणांपुढे काही गोष्टी ठेवतो.

पहिली गोष्ट सौद्यापूर्वीची. गाडीचे ज्ञात दोष एका कागदावर लिहावे. अपघात झाला होता काय, इंजिनाचे काम झाले आहे काय, ऑइल खाते काय, पूर्वी भाड्याने चालत होती काय, पुराच्या पाण्यात उभी होती काय, हे सर्व त्यात यावे. २०१९ साली ऑगस्टमध्ये सांगली-कोल्हापुरास आणि सप्टेंबरात आपल्या कऱ्हेला पूर आला, हे आपण विसरलो नाही. बुडालेली गाडी धुऊनपुसून उभी करता येते. पण गालिच्याखालचा गाळ, आसनाच्या पट्ट्यांवरील गंज आणि तारांतील बिघाड पुढे कधी ना कधी बोलतोच. त्या कागदावर दोघांच्या सह्या असाव्यात. असा कागद गिऱ्हाइकाइतकाच विकणाऱ्याचेही रक्षण करतो. आपल्या कारागिरासही दोष सांगण्याची मोकळीक द्यावी.

दुसरी गोष्ट मुदतीची. स्मृतिकारांनी ओझ्याच्या जनावरास दिलेले पाच दिवस आपणही द्यावे. त्या पाच दिवसांत गिऱ्हाइकाने आपल्या विश्वासाच्या मिस्त्रीस गाडी दाखवावी, आणि कागदावर नसलेला मोठा दोष निघाल्यास गाडी परत घ्यावी.

तिसरी गोष्ट तक्रार ऐकण्याची. गिऱ्हाईक तावातावाने येते, कारण त्याचा पैसा अडकलेला असतो. त्यास आधी बसवावे, पाणी द्यावे, सर्व बोलू द्यावे. फोनवर वाद घालू नये. गाडी दोन दिवसांत स्वतः पाहावी. तक्रारीची तारीख, दोष आणि आपण काय केले, हे वहीत नोंदावे. टायर, बॅटरी, क्लचप्लेट, ब्रेकचे लायनर ही झिजणारी अंगे होत. ती झिजली तर ते वयोमानाने, आणि तसे शांतपणे समजावून सांगावे. झाकलेला दोष निघाला, तर खर्च विकणाऱ्याचा. दोघांसही ठाऊक नसलेला दोष निघाला, तर तिसऱ्या मिस्त्रीच्या मताने खर्च वाटून घ्यावा. जे ठरेल ते लिहून, त्याच आठवड्यात पुरे करावे.

घेणाऱ्यांसही दोन शब्द सांगणे प्राप्त आहे. ज्ञातिबंधू म्हणून निम्मे पैसे थकवावयाचे आणि मागणी आली की गाडीत खोड काढावयाची, ही रीत बरी नव्हे. ऑइल न बदलता गाडी पिटाळावयाची, तीत पोती कोंबावयाची, आणि इंजिन बसले की विकणाऱ्याच्या दारात उभे राहावयाचे, यास तक्रार म्हणत नाहीत. नाते हे दोघांवरही सारखेच बंधन घालते.

मंडळास आमची एक विनंती आहे. दोषांच्या कागदाचा नमुना मंडळाने छापून आपल्या सर्व गॅरेजवाल्यांस द्यावा, आणि दोन जाणते मिस्त्री व एक वडीलधारा अशी तिघांची समिती नेमून तक्रार प्रथम तिच्यापुढे यावी. ज्यास तो निर्णय मान्य नसेल, त्यास जिल्हा आयोगाची वाट मोकळी आहेच; ती कोणी अडवू नये.

तुकोबांची पालखी बारामतीवरून सणसर, निमगाव केतकी, इंदापूर अशी आपल्याच रस्त्याने जाते. तुकोबा स्वतः दुकानदार होते, हे आपण अनेकदा विसरतो. त्याच रस्त्यावर आपल्या तरुणांची गॅरेजे आहेत. तेथे विकलेली गाडी पुढच्या आषाढातही धड चालत असावी, आणि न चालल्यास तिच्या मालकास त्या गॅरेजात निःशंक मनाने शिरता यावे, एवढीच आमची अपेक्षा आहे.