‘कार’ शब्दाचें कुलवृत्त



‘कार’ हा शब्द आपण इंग्रजीकडून घेतला. परंतु तो मूळचा इंग्रजांचाहि नव्हे. आज जेथें फ्रान्स देश आहे, त्या गॉल प्रांतांतील केल्टिक लोक गाड्याला ‘कार्रोस’ म्हणत. इ. स. पू. ५८ मध्यें ज्यूलियस सीझरनें तेथें युद्धास आरंभ केला. रोमनांजवळ रथाला ‘कुर्रुस’ हा त्याच घराण्यांतील स्वतःचा शब्द होता. तरी गाड्यासाठीं त्यांनीं गॉलांचाच शब्द उचलला, आणि सीझरच्या युद्धवृत्तांतांत तो ‘कार्रुस’ या लॅटिन वेषांत आढळतो. पुढें गॉलांची भाषा लयास गेली. तिचा गाडा मात्र जेत्यांच्या भाषेंतून चालत राहिला.

लॅटिनच्या कन्यांपैकीं इटालियनमध्यें ‘कार्रो’ म्हणजे गाडा. स्पेनमध्येंहि तोच अर्थ. पण मेक्सिकोंत ‘कार्रो’ म्हणजे मोटार. गाड्यावर ओझें लादणें या अर्थाच्या क्रियापदापासून इटालियन ‘कारिकातूरा’ निघाला. वैगुण्यांचा भार लादलेलें चित्र, म्हणजेच आपलें व्यंगचित्र!

या भाषांत शब्दाचें शेपूट बदलतें. केल्टिक भाषांत मस्तक बदलतें. आयरिशमध्यें ‘त्याची’, ‘तिची’ आणि ‘त्यांची’ या तिन्ही अर्थीं ‘अ’ हें एकच अक्षर आहे. मग गाडी कोणाची, हें कळावें कसें? ‘अ खार’ ही त्याची, ‘अ कार’ ही तिची, आणि ‘अ गार’ ही त्यांची!

याचें मर्म संस्कृत जाणणारास चटकन् उमगेल. ‘अस्य’, ‘अस्याः’, ‘एषाम्’ हीं रूपें पाहा. पहिल्याच्या अंतीं स्वर, दुसऱ्याच्या अंतीं मूळचा ‘स्’, तिसऱ्याच्या अंतीं अनुनासिक. आयरिश सर्वनामेंहि एके काळीं अशींच होतीं. स्वरामागून येणारा ‘क’ घर्षण पावून ‘ख’ झाला, ‘स्’मागून तो तसाच राहिला, अनुनासिकामागून ‘ग’ झाला. कालांतरानें ते अंत्य वर्ण झडून गेले. खूण तेवढी शेजाऱ्याच्या कपाळीं उरली. वेल्शमध्यें न्याय हाच, फळ निराळें: तेथें ‘गार’ त्याची आणि ‘खार’ तिची.

मीं उभा जन्म शाळेंत संधि शिकविले. विद्यार्थी त्यांस घोकंपट्टी समजत. येथें तर लोपलेल्या अक्षरांचा संधि अद्याप अर्थ सांभाळीत उभा आहे. २०२२ च्या जनगणनेप्रमाणें आयर्लंडच्या प्रजासत्ताकांत शाळेबाहेर रोज आयरिश बोलणारे सुमारें ७२,००० च होते. नव्या पिढीनें ‘ख’ आणि ‘ग’ यांची कटकट टाकून सरसकट ‘कार’ म्हटलें, तर शब्द जगेल. पण गाडी त्याची, तिची कीं त्यांची, हें त्या एका ‘अ’वरून कोणासहि सांगतां येणार नाहीं.