आधी कुलूप द्या

२०११च्या जनगणनेत देशात सुमारे पावणेअठरा लाख माणसे बेघर आढळली. फुटपाथवरच्या संसारात भांडी मोजकीच. जास्तीची चोरीला जायची भीती. अशा कुटुंबाला एखादी खोली मिळते, तेव्हा डिपॉझिट भरण्यातच गाठीचे पैसे संपतात. पहिल्या संध्याकाळी शेगडी नाही, बादली नाही, बल्बही नाही. अशा वेळी दान म्हणून काय येते? दांडा तुटलेली कढई, विटकी चादर! मला वाटते, आधी त्यांनाच विचारावे. मग तवा, झाकणासकट पातेले, पाण्याचा पिंप द्यावा. आणि एक नवे कुलूप, दोन्ही किल्ल्यांसह. आजवर ज्यांना दारच नव्हते, त्यांना कुलपाची किंमत आपण सांगायला नको.