मुसीचा पूर आणि पाण्याच्या वाटा



हैदराबादेत ‘तुग्यानी’ हा शब्द उच्चारला की २८ सप्टेंबर १९०८ हाच दिवस डोळ्यांपुढे उभा राहतो. त्या दिवशी मुसी नदीने अफझलगंज, मुसल्लम जंग आणि चादरघाट हे तिन्ही पूल वाहून नेले. हजारो घरे कोसळली. मृतांची संख्या १५,००० च्या आसपास सांगितली जाते. नदीकाठच्या एका चिंचेच्या झाडावर चढून सुमारे १५० माणसे वाचली. उर्दू कवी अमजद हैदराबादी यांची आई, पत्नी आणि मुलगी मात्र प्रवाहात गेली. ते दुःख त्यांच्या ‘कयामत-ए-सुगरा’ या कवितेत उतरले आहे.

हा केवळ दैवी कोप होता काय? पुण्याजवळच्या खडकवासला धरणाला स्वयंचलित दरवाजे बसविणारे अभियंते मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या १९०९ मध्ये येथे आले. त्यांनी या प्रश्नाचे उत्तर शहराबाहेर शोधले. मुसीच्या वरच्या खोऱ्यात ७८८ तलाव होते. अतिवृष्टीत त्यांपैकी २२१ फुटले. वरचा तलाव फुटला की त्याचे पाणी खालच्या तलावाच्या बांधावर आदळे आणि तोही फुटे. पावसाच्या पाण्यात या साऱ्या तलावांचे पाणी मिसळून शहरावर आले. त्यावर उपाय म्हणून १९२० मध्ये उस्मानसागर आणि १९२७ मध्ये हिमायतसागर पूर्ण झाला. नदीला आवर बसला आणि शहराला पिण्याचे पाणीही मिळाले.

परंतु पुराचे दुसरेही एक रूप असते. २४ ऑगस्ट २००० रोजी बेगमपेठेत २४ सेंटिमीटर पाऊस झाला. १३ ऑक्टोबर २०२० रोजी पुन्हा अतिवृष्टी झाली. दोन्ही वेळा नदीपासून दूर असलेल्या वस्त्याही पाण्याखाली गेल्या. सिमेंटने झाकलेल्या जमिनीत पाणी मुरत नाही. नाले अरुंद झाले, तलावांच्या पात्रांत घरे उभी राहिली. मग आकाशातून पडलेले पाणी जाणार कोठे? ते आपल्या जुन्या जागी, म्हणजे आता कुणाच्या तरी माजघरात शिरते. आयुष्यभराची पुंजी घालून अशी घरे घेणाऱ्यांना आपण तळ्यात राहावयास आलो आहोत, याची पुष्कळदा कल्पनाही नसते. धरणे नदीला काही प्रमाणात आवरतात. भर वस्तीतल्या नाल्याला ती आवरू शकत नाहीत.

या ठिकाणी ग्रंथालयाचा संबंध येतो. पुरानंतर लेनर्ड मन यांच्या देखरेखीखाली १९१२ ते १९१५ या काळात शहराची मोजणी होऊन सविस्तर नकाशे तयार झाले. असे नकाशे आणि जुनी कागदपत्रे म्हणजे पाण्याच्या वाटांची नोंदवहीच होय. ती जपणे हे ग्रंथालयांचे काम आहे. पण ती केवळ कपाटात राहिली, तर तिचा उपयोग काय? घरासाठी जागा घेऊ पाहणाऱ्या सामान्य माणसाला ती येथे सहज पाहावयास मिळावी. पाणी आपली वाट विसरत नाही. माणसाने ती विसरू नये, एवढी व्यवस्था ग्रंथालय निश्चितच करू शकेल.